सहावा जबाब

"पूर्ण नाव सांगा," तेजस्वी म्हणाली. तिची नजर कॉम्प्युटरवरच होती.

तीन वर्षं शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या समदला तिने नाव विचारलं तेव्हा तो गोंधळला. मग रीतसर नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, नोकरीची पस्तीस वर्षं सांगितली.

चौकशी साहेबांची होती. त्यांच्या छळाला कंटाळून तेजस्वीने मुख्यालयाकडे तक्रार केली होती आणि साक्षीला ऑफिसातल्या सहा जणांची नावं दिली होती. पहिलं नाव समदचं. महिनाभराने ती तक्रार फिरून साहेबांच्याच टेबलावर आली. वर शेरा होता, आपल्या स्तरावर चौकशी करून अहवाल पाठवावा. साहेब हसले. टायपिंगचं काम तेजस्वीचं, तेव्हा जबाबही तिनेच घ्यावेत, असं त्यांनी फर्मावलं आणि केबिनचं दार लावून ऑनलाइन मीटिंगला बसले.

सकाळपासून पाच जण तिच्यासमोरच्या खुर्चीत बसून गेले होते. त्यांत संचिताही होती, रोज तिच्या डब्यातलं खाणारी. आम्ही काही पाहिलेलं नाही, असं पाचही जणांनी तिला तोंडावर सांगितलं. तिने ते टाइप केलं आणि सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवलं.

समदही तेच सांगायला आला होता. निवृत्तीला तीन महिने उरले होते. तारकर्लीच्या घरून निघताना त्याच्या बायकोने, खतिजाने, मध्ये पडू नका असं दोनदा बजावलं होतं. बसमध्ये त्याने वाक्य पाठही केलं होतं.

"या प्रकरणी आपण काय पाहिलंत?"

आवाज सरकारी होता. बोटं मात्र कीबोर्डवर आधीच टेकली होती. तो काय सांगणार हे तिने गृहीतच धरलं होतं. ती बोटं पाहिली आणि समदला पाठ केलेलं वाक्य म्हणवेना.

"जुलैच्या मीटिंगमध्ये साहेबांनी तेजस्वीची फाईल जमिनीवर भिरकावली," तो म्हणाला. "सगळे कागद सुटे झाले. सगळ्यांसमोर तिला ते खाली बसून वेचायला लावले. ती वेचत होती आणि साहेब म्हणत होते, आईचं आजारपण म्हणजे रजेसाठीचं सोंग आहे. चार कागद माझ्या खुर्चीखाली आले होते." त्याने मान खाली घातली. "मी वाकलो नाही. पाय तेवढे वर घेतले."

तेजस्वीची बोटं थांबली होती. ती नुसती ऐकत होती. समद बोलत राहिला. दुपारपर्यंत तिला केबिनबाहेर उभं ठेवलं ते, तिचा रजेचा अर्ज तिच्यासमोर फाडला ते, सगळं त्याने सांगितलं. सांगता सांगता त्याची मान ताठ झाली. इतक्या वर्षांत या ऑफिसात तो एवढं कधी बोलला नव्हता.

तो बोलायचा थांबला. तिने डोळे पुसले, काहीतरी टाइप केलं आणि प्रिंट काढून त्याच्यापुढे ठेवली.

कागदावर एकच ओळ होती. मी काही पाहिलेले नाही.

"ह्या काय गो?" समदने विचारलं.

ती आता हळू आवाजात, घरच्या बोलीत बोलली. "सही करा, चाचा. तुमचे तीनच मयने ऱ्हवले. जाताना तुमका कित्याक त्रास?"

"आणि तुझा काय?"

"मी काल राजीनामो दिलंय. आजारी आवशीक घेवन गावाक धामापुरात ऱ्हवतलंय." तिने पेन त्याच्याकडे सरकवलं. "तुमी बोललात, माका तेवढा पुरे."

हे पुसून टाक, मी सांगितलं ते लिही, असं समदला म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. त्याने केबिनच्या बंद दाराकडे पाहिलं. मग पेन उचललं आणि सही केली.

त्याला हायसं वाटलं, आणि ते तिने पाहिलं.