दारातली पितळी वाटी

जर्मन विभागाच्या दारात एक पितळी वाटी होती. कानातला भाषांतराचा मणी तिच्यात टाकल्याशिवाय नाडगौडा मॅडम कुणालाही वर्गात घेत नसत. हल्ली वाटी रिकामीच असे. मणी असताना जर्मन शिकायला येणार कोण? आज संध्याकाळपर्यंत एक तरी प्रवेश झाला नाही, तर विभागाला कुलूप लागणार होतं.

दुपारी फडतरे आजोबा आले आणि त्यांनी मुकाट्याने मणी वाटीत टाकला. मॅडमचा जीव भांड्यात पडला.

"नात जर्मनीतच वाढली हो, मराठी येत नाही तिला. बोलते ती, पण कानात येते या मण्यातली बाई. पोरीचा आवाज कसाय, ठाऊकच नाही. तिला तरी माझा कुठं ठाऊक?"

"दोन वर्षांत मस्त बोलाल तिच्याशी."

आजोबा हसले. "डॉक्टर मला दिवाळीपर्यंतसुद्धा धरत नाहीत, बाई. एखादंच वाक्य शिकवा."

एका वाक्याला प्रवेश म्हणत नाहीत. मॅडमनी खुर्ची जवळ ओढली आणि विभागाचा शेवटचा तास घेतला.

शिपाई कुलूप घेऊन आला, तेव्हा आजोबा जर्मनमध्ये घोकत होते, "बाळा, मणी काढ. आजोबाचा आवाज ऐक."

"पुढचं तुम्हा दोघांनाही कळणार नाही हो," मॅडम म्हणाल्या.

"न कळू दे. पण आवाज आमचाच असेल ना!"