नवी पिन

बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात मिस्त्रींनी टेबलाचा खण उघडला आणि कागदाची पुडी तिच्यासमोर सोडली. आत बोटाच्या पेराएवढी पोलादी पिन होती.

"ही बघ. तू बंदूक साफसफाईच्या निमित्ताने आणलीस, त्याच दिवशी काढून ठेवली. पिनेशिवाय बार उडत नाही, बाळ. घोडा नुसता टक करून पडतो."

"उडाला, काका," ती म्हणाली. "शेजारच्यांनीही ऐकला."

वडिलांचं दिवसकार्य आवरून ती आज पहिल्यांदाच बाहेर पडली होती, ती एवढंच विचारायला.

फळीवरच्या रेडिओत दोन विद्वान हमरीतुमरीवर आले होते. मनाने आजारी माणसाचा बंदूक-परवाना काढून घ्या, असं एकाचं म्हणणं. मग परवान्याच्या धास्तीने कुणी डॉक्टरची पायरीच चढणार नाही, असं दुसऱ्याचं. मिस्त्रींनी रेडिओ बंद केला.

"मी म्हटलं होतं, चौकीत कळव."

"परवाना गेला असता तर आप्पा पारच खचले असते. चारचौघांत शोभा झाली असती ती वेगळीच." ती पिनेकडे बघत राहिली. "तुम्ही कुणाला बोलला नाहीत ना?"

"तुला शब्द दिला होता. एका टेबलावर बसतो आम्ही, पण धाकट्या भावालासुद्धा बोललो नाही."

तेवढ्यात धाकटे भाऊ पिशवी घेऊन आत आले. महिनाभर लेकीकडे राहून ते थेट दुकानातच उतरले होते.

"अगं, तू! आप्पा बरे आहेत ना? आणि बंदूक? आता नीट चालते ना?"

मिस्त्रींचा हात खणावरच राहिला.

"मी निघायच्या आदल्या दिवशी आप्पा स्वतः घेऊन आले होते. दादा जेवायला गेला होता. म्हणाले, चाप ओढला तर नुसतं टक वाजतं. उघडून बघतो तर आत पिनच नाही!" ते भावाकडे बघून हसले. "म्हटलं, आमचे दादासाहेब साफ करताना बसवायला विसरले. वय झालं. तुला बोललो नाही, उगाच मनाला लावून घेतलं असतंस. गुपचूप नवी घडवून बसवून दिली. पैसेही घेतले नाहीत."

पिशवी टेबलाखाली सरकवून ते तिच्याकडे वळले.

"आप्पांना सांग, पुन्हा अडली तर सरळ माझ्याकडे आणा."

तिने पिन कागदात गुंडाळली. घडीवर घडी घातली, कडा नखाने दाबल्या.

"सांगते," ती म्हणाली.