मातीवर बसून

माझी शहरात राहणारी नातसून वृषाली फोटो काढायची, पण त्यात माणसं आधार कार्डावरच्यासारखी दिसायची. मग तिनं कुठलंसं पुस्तक वाचलं आणि तिला दिशा सापडली म्हणे.

"आजी, माणसाला त्याच्या मातीवर बसवायचं, मग फोटो जिवंत होतो."

आमच्या पिंपळवंडीत उसाच्या कडेला कुणी खाली बसत नाय. बसलेलं माणूस बिबट्याला शेळीएवढं दिसतं, हे सगळ्या घराला मीच ओरडून शिकवलंय. पण फोटो माझा निघणार व्हता. नऊवारी सावरून बसले उसाला पाठ करून.

समोर पालथी पडून वृषाली कॅमेऱ्यात बघत म्हणाली, "आजी, हलू नका. मागं उसात तुमचं कुत्रं बसलंय, त्याचे कानपण येतायत."

&nbsp;

आमचं कुत्रं दिवाळीतच बिबट्यानं नेलंय.