गार वॉर्ड

"जीव सुखरूप असताना कोर्टाची पायरी चढू नकोस, पोरी. तुझ्यासारखीला ते दारातूनच परत पाठवतात."

तुरुंगातल्या कोठडीची सोबतीण, म्हाताऱ्या मिस वर्नेलचं हे बोलणं ओपलला आठवलं ते कोर्टाचं उत्तर हातात आल्यावर. अर्जदार सध्या तुरुंगाच्या वातानुकूलित गार वॉर्डात असून तिच्या जिवाला धोका नाही. सबब फीमाफी नामंजूर. दावा चालवायचा असेल तर पूर्ण फी आधी भरावी.

फी ती कुठून भरणार? इतर कैदी बायकांना माफी मिळे. ओपलचे मात्र तीन दावे आधीच फेटाळले गेले होते. एक मोडक्या रेडिओचा, एक आंबलेल्या घेवड्याचा, तिसरा तर निव्वळ रागापोटी. तीन फेटाळले की माफी बंद, हा कायदा तिला मिस वर्नेलनंच सांगितला, पण फार उशिरा. एकच फट उरली होती. अर्ज देताना जीव खरोखर धोक्यात असला पाहिजे.

शिक्षेच्या कोठड्या तिसऱ्या मजल्यावर, थेट पत्र्याखाली. टेक्ससमधला ऑगस्ट. भिंतीला पाठ टेकवत नसे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना तो उकाडा सोसत नाही, हे तुरुंगाच्या डॉक्टरलाही ठाऊक होतं. मिस वर्नेल त्या गोळ्या घेई. तिच्याच कोठडीतली ओपलही घेई. एका दुपारी म्हातारीचा घामच थांबला. ओपलनं दार बडवबडव बडवलं. कुणी आलं नाही.

"जजला सांगशील ना गं, इथं काय होतं ते?" म्हातारी पुटपुटली.

ओपलनं तिच्या बायबलवर हात ठेवला.

प्रेत खाली नेलं, त्याच संध्याकाळी ओपललाही गार वॉर्डात हलवलं. तिला ती दया वाटली होती. तिनं देवाचे आभारही मानले होते. आणि मग त्या गारव्यात बसूनच वरच्या उकाड्याविरुद्धचा अर्ज लिहिला होता.

"काय म्हणतंय कोर्ट?" शेजारच्या खाटेवरून रामोनानं विचारलं.

"मी सुखात आहे म्हणे."

"मग बोलाव की जजसाहेबांना वर, एक दुपार पाहुणचाराला!" रामोना हसली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "उद्या तुमच्या त्या कोठडीत डोरीनला टाकतायत म्हणे. तीही गोळ्यांवरच आहे ना गं?"

ओपलनं नवा अर्ज लिहिला, घडी घातली, कमरेला खोचला. डोळे मिटून क्षणभर बसली. मग बर्फाच्या पाण्याचा पेला उचलून दाराशी गेली. तिथं सार्जंट प्रुइटबाई उभ्या होत्या. ओपलनं तो पेला सावकाश त्यांच्या बुटांवर ओतला.

"डोकं फिरलं का गं तुझं? याची शिक्षा कुठं भोगावी लागते, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, मॅडम. वाट दाखवायला नको."

ती स्वतःच जिन्याकडे वळली. वरून झळ येत होती. चढता चढता तिनं कमरेचा कागद चाचपला. त्यावर तारखेची जागा तेवढी कोरी होती. ती वर पोचल्यावर लिहायची होती.