ताप : एक दिवस

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पारी मुकणे आठ महिन्यांचा मुलगा कडेवर घेऊन उपकेंद्रात आली. वीटभट्टीवरून दोन कोस चालत. मुलाला ताप होता, धाप लागली होती.

उज्ज्वला सिस्टरांनी रजिस्टर ओढलं आणि न विचारताच, मोठ्यानं म्हणत लिहिलं, ‘ताप : चार दिवस’. भट्टीवरची कातकरी माणसं आधी भगताकडे जायची आणि चौथ्या दिवशी सिस्टरांच्या दारात यायची. अठरा वर्षांत हा आकडा क्वचितच चुकला होता.

“चार कुठले, बाई? काल सांजंला आला ताप.”

“आणि भगत?”

“सासू गेलीय त्याच्याकडं. म्हटलं, तुम्ही व्हा तिकडं, मी जाते इकडं.”

“भांडलीस?”

“मग! पोटात होता तेव्हा चार वेळा तुम्हाला दाखवला. आता बाहेर आलाय, तर झोपडीत ठेवू?”

सिस्टरांना हसू आवरेना. पहिल्या तपासणीच्या वेळी हीच पारी विटांच्या ढिगाआड लपली होती. त्यांनी ‘चार’वर काट मारली आणि ठळक अक्षरात ‘एक’ लिहिलं.

मग त्यांनी घड्याळ लावून मुलाचे श्वास मोजले. मिनिटाला चौसष्ट. त्यांचं हसू मावळलं. औषधाचा पहिला डोस देऊन त्यांनी रुग्णवाहिका बोलावली.

“न्युमोनिया दिसतोय. पण वेळेत आणलंस, पारे.”

दुपारी दीडपर्यंत तालुक्याहून एवढंच कळलं होतं, की मुलाला ऑक्सिजन लावलाय आणि आई प्रत्येक सुईमागे डॉक्टरांना विचारतेय, ही कशासाठी?