हरलेल्याच्या दारात

"दार लाव," गोरक्ष म्हणाला. बायकोने, सुप्रियाने, दार लावलं आणि दोन मिनिटांत त्यानेच उठून ते पुन्हा उघडलं. निकाल लागल्यापासून ही चौथी खेप.

एक्केचाळीस मतांनी पडला होता. दहा वर्षं जुन्नरचा नगरसेवक, आणि बाळासाहेबांनी त्याला घरी बसवलं. सांत्वनाचे फोन सुरू झाले तसा त्याने मोबाइल बंद करून कपाटात टाकला.

मतांचं एवढं काही नव्हतं. त्याला धास्ती होती ती मिरवणुकीची. जिंकलेल्याची मिरवणूक हरलेल्याच्या दारात थांबते आणि तिथे बँड जीव तोडून वाजवतो, ही रीत गोरक्षला कुणी सांगायला नको होती. हौशीराम मास्तरांच्या बँडमध्ये सोळा वर्षं ट्रम्पेट वाजवून तो राजकारणात आला होता. पहिल्यांदा निवडून आला तेव्हा गुलालाने माखलेल्या अंगाने स्वतःच ट्रम्पेट घेऊन तो बाळासाहेबांच्या दारात अर्धा तास उभा होता. त्या दिवशी त्या घरात कुणी जेवलं नव्हतं म्हणे. गोरक्षला तेव्हा त्याची मोठी मजा वाटली होती.

आता बाळासाहेबांनी त्याच बँडला सुपारी दिली होती. आणि त्या बँडमध्ये पुढे ट्रम्पेट वाजवणारा होता भगवंत, गोरक्षचा सख्खा धाकटा भाऊ. दम कुठे धरायचा, कुठे सोडायचा, हे गोरक्षनेच त्याला शिकवलेलं.

दुपारी गणवेश घालायला भगवंत घरी आला तेव्हा दोघांची जुंपली.

"तू माझ्या दारात वाजवणार?"

"घेतलेली सुपारी मोडायची न्हाई, दादा. तूच सांगायचास."

"मग वाजव. पण परत मला तोंड दावू नको."

गणवेशाची वरची गुंडी भगवंताने लावली, पुन्हा सोडली, लई उकडतंय म्हणाला आणि गेला.

तीनच्या सुमारास बाजारपेठेकडून आवाज आला. पन्नास ट्रम्पेटांत गोरक्षने भावाचा ओळखला असता. आवाजाबरोबर तो घरात बसून गल्ल्या चालत होता. आता पेठ मागे पडली, आता मारुतीचं देऊळ, आता कोपरा. उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर आपोआप नाचत होती.

आणि कोपऱ्यावर, अगदी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी, ट्रम्पेटचा सूर मध्येच तुटला. ढोल थोडा वेळ एकटाच वाजला, मग तोही थांबला. फटाकेही बंद झाले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. कुणी आलं नाही.

"थांबला गं तो," गोरक्ष म्हणाला. "ऐकलंस का? माझ्या गल्लीत पाय टाकायच्या आधी भगवंता थांबला."

आता मास्तर त्याला नको नको ते बोलतील, चार गावांत नाव खराब होईल, तरी पोरगा थांबला. आणि आपण त्याला काय बोलून बसलो. गोरक्षला स्वतःची लाज वाटली.

शेजारच्या सरूबाईंनी सुप्रियाला परसदारी हाक मारली. ती बऱ्याच वेळाने आली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

"चहा टाक. भगवंता येईल आता."

गॅस पेटल्याचा आवाज काही आला नाही. हिला आपल्यापेक्षा जास्त लागलेलं दिसतंय, असं त्याच्या मनात आलं.

मग एकेक माणूस येऊन ओट्यावर बसायला लागला. मतांचं कुणी काढेना. बाळासाहेबांचे दोन कार्यकर्तेसुद्धा आले, तोंडावरचा गुलाल धुऊन.

"अरं, पडलोय मी, मेलो न्हाई," गोरक्ष म्हणाला. कुणी हसलं नाही. दहा वर्षांत लोकांनी आपल्याला एवढा मान दिला नव्हता, असं त्याला वाटून गेलं. पण बसवत नव्हतं. तो दारात जाऊन रस्ता बघत होता, परत येत होता.

ऊन उतरलं तेव्हा कोपऱ्यावर बँडवाल्यांचे लाल गणवेश दिसले. सगळे चालत येत होते, न वाजवता. पुढे हौशीराम मास्तर, टोपी काखेत. गोरक्ष अनवाणीच धावला.

"मास्तर, त्याला काय बोलू नका. चूक माझी हाय. कुठंय तो? मागं लपला असंल. भगवंता, ये रं. मी चिडलो न्हाई."

हौशीरामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते बाजूला झाले. मागून चौघे पुढे आले आणि त्यांनी भगवंताला खांद्यावरून दारात उतरवलं.