न धुतलेली नळी

जुन्या लष्करी रायफलीतून त्या काळचीच काडतुसं झाडली, की त्याच दिवशी नळीत उकळतं पाणी ओतायचं. नाहीतर सकाळी गंज हजर. काल मी साफ विसरलो. आज बघतो तर नळी धुतलेली, शिवाय अजून कोमट!

बंदुकांच्या कपाटाची दुसरी किल्ली माझ्या मित्राकडे, व्हर्लिनकडे. बंदुकांच्या बाजारात ही रायफल मी त्याच्याआधी उचलली, तेव्हापासून धुमसतोय लेकाचा. फोन लावला.

"माझ्या कपाटाला हात लावलास?"

"वेड लागलंय का? मी तिकडे लांब बिलिंग्ज शहरात सासूचं छत रंगवतोय!"

खोटारडा. मी रायफलीचा मागचा बोल्ट काढला, नळी उघड्या खिडकीकडे रोखली आणि मागून डोळा लावला. टोकाशी उजेडाचा स्वच्छ गोल दिसला.

पापणी मिटावी तसा तो मिटला, आणि पुन्हा उघडला.